‘तुला वेळ असेल तर…’

ताई,

वय ३९. पुण्यात राहते, हिंजवडीला नोकरी. ऑफिसात रोज टाइमशीट भरावी लागते. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, प्रत्येकाला प्रोजेक्टचा कोड. गेल्या वर्षी मी घरासाठीही तसंच एक ॲप घेतलं. पहाटे पाचला उठते. पोळ्या लाटताना पॉडकास्ट ऐकते, तेही दीडपट वेगानं. चालायला गेले की फोन उरकते. रविवारी आठवड्याच्या भाज्या निवडून-चिरून ठेवते, वाटणं करते, मग दोन तास ऑनलाइन कोर्स. मिस्टर मदत करतात. मुलगा दहा वर्षांचा आहे. झोप पाच तास होते.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. आमचं गाव पेणजवळ. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता ७४ वर्षांचे आहेत. दिवसभर गॅलरीत बसून असतात. ते मला का बघवत नाही, कळत नाही. गेल्या आठवड्यात सात वाजता घरी आले, तर बाबा ताटात कडवे वाल घेऊन सोलत बसले होते. वाटीभर झाले होते, पातेलंभर बाकी. मी म्हटलं, “बाबा, सोललेले मिळतात हो, दहा मिनिटांत घरी येतात. कशाला एवढा वेळ घालवता?” ते काही बोलले नाहीत. ताट उचललं, ओट्यावर नेऊन ठेवलं. तेव्हापासून माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य ‘तुला वेळ असेल तर’ असं सुरू करतात. “तुला वेळ असेल तर, माझी बीपीची गोळी संपलीय.” टोमणा नाही मारत, खरंच विचारतात.

काहीच न करायचीही सवय लावावी लागते असं वाचलं, म्हणून रोज रात्री वीस मिनिटांचा ‘काहीच नाही’ असा स्लॉट ठेवला. त्यात मी किती मिनिटं उरली तेच बघत बसते. नुसतं बसलं की अपराधी वाटतं, आणि आपण आळशी होऊ अशी भीतीही वाटते. एखादी पद्धत सांगा.

– घाईतली, पुणे

*

घाईतली,

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, तेव्हा ‘तू’च म्हणते.

‘काहीच नाही’च्या स्लॉटला ॲपमध्ये रंग कुठला दिलास गं? ते वाचून मी आधी खो खो हसले. मग गप्प झाले, कारण मीही तुझ्यातलीच आहे. सांगते पुढे. पण पद्धत मागू नकोस. मी जी पद्धत सांगेन ती तू संध्याकाळपर्यंत ॲपात घालशील, आणि आठवड्यानं ‘सलग सात दिवस’ म्हणून त्याचा बिल्ला मिळवशील.

आधी वालांचं बोलू. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच दिसले.

कडवे वाल सोलायला घेणं ही शेवटची पायरी. आदल्या दिवशी, किंवा त्याच्याही आदल्या रात्री ते भिजत घालावे लागतात. मग उपसून, पंचात किंवा जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. मोड यायला उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, थंडीत दीड. मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, म्हणजे सालं सैल होतात. त्यानंतर एकेक वाल चिमटीत धरून दाबायचा, की डाळिंबी टुणकन बाहेर येते. एखादी उडून थेट सोफ्याखाली जाते. म्हणजे तुझे बाबा त्या वालांच्या मागे दोन दिवस होते. तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच पातेल्यात ते भिजत होते, कुठल्यातरी कोपऱ्यात फडक्यात बांधलेले होते. तू फक्त शेवटचा तास पाहिलास आणि त्याचा भाव केलास.

तुझा हिशेब चुकला असं नाही म्हणत मी. सोललेले वाल मिळतात, बरेही असतात, आणि तुझ्या तासाच्या पगारापुढे त्यांची किंमत काहीच नाही. पण तो हिशेब ज्या दुकानातला आहे, ते दुकान तुमच्या घरात नाही. ‘वेळ म्हणजे पैसा’ हे बेंजामिन फ्रँकलिननं १७४८ मध्ये लिहिलं, एका तरुण व्यापाऱ्याला केलेल्या उपदेशात. सल्ला सदरच म्हण ना. अर्धा दिवस रिकामा बसलास तर त्या अर्ध्या दिवसाची कमाईही तू खर्च केलीस, असा त्याचा मुद्दा. धंदेवाल्याला तो सल्ला चोख आहे. पण आई गेल्यावर लेकीकडे राहायला आलेल्या माणसानं संध्याकाळी सातला काय करावं, याबद्दल त्या पत्रात काहीही नाही.

तुमच्या घरी वालांचं बिरडं कोण करायचं, हे तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून दे. आई करायची आणि सोलायला बाबा समोर बसायचे. तसं असेल, तर ते ताट ओट्यावर ठेवताना त्यांनी काय काय उचलून ठेवलं असेल, ते तुझं तूच बघ.

आता घड्याळाचं. तुला वाटतंय की ही तुझी खोड आहे, स्वभाव आहे. स्वभाव थोडासा असेलही, पण हे घड्याळ तुझं नाही. ते गिरणीचं आहे. मुंबईतल्या गिरण्यांत एके काळी दिवस उजाडताना काम सुरू व्हायचं ते मावळेपर्यंत, आणि आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना जमवून मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विसावा हवा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. अर्ज-विनंत्या आणि सभा यांत सहा वर्षं गेली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी कबूल केली.

पुढचा किस्सा तर तुझ्यासारख्या मिनिटं मोजणारीला आवडेल. १९०६ च्या १ जानेवारीपासून सरकारनं भारतीय प्रमाणवेळ आणली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटांनी मागे होती. भोंगा नव्या वेळेनं वाजणार, म्हणजे त्याच सूर्याच्या हिशेबानं कामगारांनी ३९ मिनिटं आधी, काळोखात हजर व्हायचं. त्याच महिन्यात गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. आपल्या दिवसातली ३९ मिनिटं कोणी परस्पर उचलतंय, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. आपल्याला ते कळतही नाही, कारण काटे आपणच सरकवतो. पाचचा गजर लावायला तुला कुणी सांगितलं होतं? आणि तुझा रविवार बघ. भाज्या, वाटणं, कोर्स. लोखंड्यांनी सहा वर्षं भांडून गिरणीकडून काढून घेतलेला दिवस तू गिरणीला परत दिलास, आणि तोही बिनपगारी.

हे वाचून ‘पूर्वीचे लोक कसे निवांत होते’ असा सूर मात्र लावू नकोस. मला त्या सुराची चीड आहे. आपल्या लोकांइतकं वेळ मोजणारं कोणी नसेल. चोवीस मिनिटांची घटका, तिची साठ पळं, एका पळाची साठ विपळं. विपळ म्हणजे सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी. लग्नात घटिकापात्र ठेवायचे ना, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. म्हणजे मोजायचे, आणि बारीक मोजायचे. पण कशासाठी? नेमकी वेळ साधायला. त्या घटकेत आणखी चार लग्नं बसवता येतील का, म्हणून नाही. आणि तेच लोक शेजारी आलं की ‘बसा घटकाभर’ म्हणायचे, तेव्हा वाटी कुणी काढत नसे. तुझ्याकडे वाटी एकच आहे, आणि ती सदानकदा पाण्यावर आहे.

इथे बाबांकडे नीट बघ. ते काही घड्याळ न पाहिलेले ऋषी नव्हेत. वाहतूक नियंत्रक! आयुष्य गाड्यांच्या वेळांवर काढलेला माणूस. कुठली गाडी किती उशिरा आली याची नोंद, प्रवाशांच्या शिव्या, सणासुदीच्या जादा गाड्या. पण त्यांची पाळी संपायची. पुढचा माणूस खुर्चीवर बसला की फलाटावर आठ गाड्या उभ्या असल्या तरी त्या त्याच्या. त्यांना गॅलरीत बसता येतं, कारण पाळी कुठे संपते हे ते शिकलेत. तुझ्या पाळीवर दुसरं माणूस येतच नाही. ऑफिसची संपते तिथे घरची, घरची संपते तिथे स्वतःला सुधारण्याची. त्यांना बघून तुला चिडचिड होते ती त्यांच्यावरची नसावी. हेवा असावा. लाज वाटून घेऊ नकोस, वडिलांचा हेवा वाटणं काही गुन्हा नाही.

आता जरा कडू बोलते. तुझ्या पत्रात नवरा एका वाक्यात येतो. ‘मिस्टर मदत करतात.’ तीन शब्द. बाबांना आणि वालांना तू बरीच जागा दिलीस, त्यांना तेवढीच. सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण असतं. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ झाली. चला, दहा मिनिटं सुटली म्हणावं, तर पुरुषांची ९७ वरून ८८ वर आलेली! आणि हे जे करतात त्यांचं. जे काहीच करत नाहीत ते या सरासरीत नाहीतच. तेव्हा नुसतं बसता येत नाही, यात मनाचा दोष किती आणि बेसिनमधल्या भांड्यांचा किती, हे आधी वेगळं कर. काम डोक्यावर असताना शांत बसायला जमत नाही, यात काही बिघडलेलं नाही. ती शुद्ध आहे तुझी.

म्हणून मदत घेऊ नकोस, काम दे. एक अख्खं काम, त्याच्या विचारासकट. रात्रीचं जेवण म्हण, किंवा मुलाची शाळा. डबा, वही, फी, सहलीची चिठ्ठी, पालकसभा, सगळं. ‘काय करू सांग’ असं विचारायला आले तर सांगू नकोस. पहिल्या महिन्यात मुलगा दोनदा चुकीच्या रंगाचा शर्ट घालून जाईल. जाऊ दे. आणि बाबांना तर तू कामच दिलेलं नाहीस. ते स्वतःहून एक काम घेऊन बसले होते, तेही काढून घेतलंस.

एक कबूल करते. मी जे बोलतेय ते महिन्याला पगार खात्यात पडणाऱ्यांपुरतं आहे. तुझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई रोज पाच घरं करत असतील. त्यांना ‘वेळेकडे नव्यानं बघा’ म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा होईल. त्यांना पगारवाढ आणि भरपगारी रजा हवी. ती देणं तुझ्या हातात आहे, तेवढं कर. आणि नोकरी सोड, कोकणात जा, असलंही मी सांगणार नाही. हप्ते असतील, मुलगा आहे. वरून कुणी आठवड्याला ७० तास काम करा म्हणतंय, कुणी ९०. ऑफिसची टाइमशीट ऑफिसला लागते, ती भर. झोप मात्र आधी वाढव. पाच तासांवर कुणाचं डोकं धड चालत नाही, आणि तू जे तत्त्वज्ञान शोधतेयस त्यातलं निम्मं सात तास झोपलीस तर लागणारच नाही. झोपायला गेलीस तरी झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, तर सदराला नको, डॉक्टरांना गाठ.

आता माझं. मी डोंबिवलीहून ८.१३ च्या लोकलनं एकतीस वर्षं गेले. आम्ही गाडीला नाव नाही, मिनिट लावतो. माझ्या डब्यात मेथी निवडली जायची, हळदीकुंकू व्हायचं, वर्गणी काढून कुणाच्या लेकीला साडी घेतली जायची. तो वेळ कंपनीचा नव्हता, घरचाही नव्हता. मला आज त्या नोकरीतल्या फायली आठवत नाहीत, खिडकीतली मेथी आठवते. तर, निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वेळापत्रक केलं. आठ दिवसांत घरातले सगळे माळे साफ केले. नवव्या दिवशी माळा उरला नाही, तर शेजारणीला म्हटलं, तुझा करून देते. तिनं दार लावून घेतलं. पुढे गुडघा गेला, स्टुलावर चढायची बंदी आली, आणि मी सक्तीनं गॅलरीत बसले.

पहिले तीन आठवडे नुसता वैताग. हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. शांत बसलं की शांत वाटतं, या थापा आहेत. आधी चुळबुळ होते. मग कपाटं आठवतात. मग नको ती माणसं आठवतात, त्यांना तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं ते आठवतं. तुझ्या वीस मिनिटांत तू इथवरच पोचतेस आणि घड्याळ बघतेस. मला वाटतं, चौथ्या आठवड्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की समोरच्या इमारतीचा वॉचमन दुपारी दोनला चप्पल काढून, पाय कठड्यावर टाकून, कानाला रेडिओ लावतो. रोज. एकतीस वर्षं मी त्याच्यासमोरून गेले होते. त्यातून मला काय मिळालं? काही नाही. पण त्या दिवशी मी किती वाजले ते पाहिलं नव्हतं.

आळशी होण्याची भीती काढून टाक. तू नाही होणार. तेवढं अंगात असावं लागतं. पुण्यात राहतेस, एक ते चारची सगळी चेष्टा ऐकून झाली असेल. पण वामकुक्षी घेणाऱ्या दुकानदाराचं दुकानही तीन पिढ्या चाललेलं असतं.

तर घराचं ॲप काढ. ऑफिसचं राहू दे, घरचं काढ. पोळ्या लाटताना पॉडकास्ट ऐकायचं तर माणूस बोलतो त्या वेगानं ऐक, नाहीतर ऐकू नकोस. ‘काहीच नाही’चा स्लॉट तर आजच उडव, तो बिचारा सगळ्यात जास्त राबतोय.

आणि बाबांपुढे माफीचं भाषण करू नकोस. ते ‘अगं, त्यात काय’ म्हणतील आणि विषय मिटेल, पण ‘तुला वेळ असेल तर’ तसंच राहील. गुरुवारी रात्री तू स्वतः वाल भिजत घाल. किती घालायचे, ते त्यांना विचार. शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधायचे कसे तेही विचार, तुला येत असलं तरी. शनिवारी संध्याकाळी ताट मधे घे, फोन आतल्या खोलीत ठेव, मुलाला पण बसव. तो निम्मे वाल उडवेल. बोलायला काही सुचलं नाही तर गप्प सोल. पेणच्या स्टँडवरचं काहीतरी निघेलच, बहुतेक गणपतीतल्या जादा गाड्यांचं.

वाल तेवढे कडवेच आण. गोडे आणलेस तर बाबा बोलतील.

बोलू देत.